सीमा आणि संवाद

एका जीवाच्या अंतःकरणात असलेले दुसऱ्या जीवाच्या अंतःकरणात पोचते म्हणजे नेमके काय घडते, हा प्रश्न तत्त्वचिंतनाइतकाच जुना आहे आणि तरीही तो प्रत्येक विचारी माणसाला नव्याने पडतो. आई मुलाला बोलावयास शिकवते, गुरू शिष्याला उपदेश करतो, पतिपत्नी एका छपराखाली जन्म काढतात, भक्त देवापुढे गाऱ्हाणे मांडतो. या सर्व व्यवहारांत इकडचे काहीतरी तिकडे जाते असे आपण बिनदिक्कत गृहीत धरतो. परंतु काय जाते, कोणत्या वाटेने जाते आणि ते पोचले हे कशावरून ओळखावे, असे विचारू लागले की हे गृहीत डळमळू लागते. मग काही विचारवंत जीवाजीवांमधील भिंत अभेद्य आहे असे म्हणून संवादालाच आभास ठरवतात, तर काही जण भिंतच मिथ्या आहे असे सांगून संवादाची गरजच नाहीशी करतात. या दोन्ही पक्षांमागे मोठमोठ्या बुद्धीचे श्रम आहेत आणि त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. तथापि मला येथे असे प्रतिपादन करावयाचे आहे की भिंत खरी आहे, संवादही खरा आहे आणि भिंत खरी आहे म्हणूनच संवाद संभवतो.

या प्रतिपादनासाठी मी जो दाखला घेणार आहे तो उपनिषदांतला नाही, तो संगणकाच्या पोटातला आहे. एकाच यंत्रावर एकाच वेळी चालणारे अनेक प्रोग्रॅम एकमेकांना माहिती कशी देतात, हा विषय वरकरणी केवळ कारागिरीचा वाटेल. परंतु ज्यांनी तो सोडवला त्यांना, आपण तत्त्वज्ञान करीत आहोत असे मनात नसतानाही, परस्परभिन्न वस्तूंच्या व्यवहाराचे सर्व मूलभूत प्रश्न हाताळावे लागले आणि त्यांची उत्तरे अशी द्यावी लागली की ती चुकली तर यंत्र त्याच क्षणी बंद पडावे. प्रोग्रॅमला आत्मा आहे किंवा चैतन्य आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. उलट, त्याला मुद्रा नाही, स्वर नाही, डोळ्यांतले पाणी नाही, या त्याच्या दारिद्र्यातच त्याची उपयुक्तता आहे. कारण माणसांच्या संवादात जे भावनेच्या ओघात झाकले जाते, ते येथे स्वच्छ उघडे पडते.

प्रथम या प्रोग्रॅमचे एकाकीपण पाहावे. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला, ज्याला त्या क्षेत्रातील लोक प्रोसेस म्हणतात, ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सर्व कारभार पाहणारी व्यवस्था, मेमरीचा एक स्वतंत्र पट्टा तोडून देते आणि त्या पट्ट्यातील प्रत्येक घराला क्रमांक असतो. मौज अशी की हे क्रमांक खऱ्या मेमरीचे नसतात. एका प्रोसेसच्या दृष्टीने चार हजाराव्या घरात जे आहे ते आणि दुसऱ्या प्रोसेसच्या चार हजाराव्या घरात जे आहे ते, या दोन निरनिराळ्या ठिकाणच्या निरनिराळ्या वस्तू असतात. मधली यंत्रणा प्रत्येक क्रमांकाचे गुपचूप भाषांतर करून त्याला खऱ्या जागेशी जोडून देते. मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस यंत्रात १९६२ साली ही भासमान मेमरीची युक्ती प्रथम प्रत्यक्षात आली आणि आज आपल्या खिशातील फोनपर्यंत ती सर्वत्र रूढ आहे. तिचा परिणाम असा की प्रत्येक प्रोसेस जणू आपणच या विश्वात एकटे आहोत अशा समजुतीने वागते. शेजारच्या प्रोसेसची मेमरी तिला वाचता येत नाही, लिहिता येत नाही, इतकेच नव्हे तर त्या मेमरीचा निर्देश करण्यासाठी तिच्याजवळ क्रमांकसुद्धा नसतो. ही तटबंदी कोणा कारागिराच्या हौसेखातर उभारलेली नाही. जेथे ती नव्हती तेथे एका प्रोग्रॅमची चूक दुसऱ्याच्या हद्दीत शिरून त्याचा मजकूर बिघडवीत असे आणि कोणाच्या अपराधाने कोणाचा नाश झाला याचा पत्ता लागणे दुरापास्त होई. भिंत आली तेव्हा चूक ज्याची त्याच्याजवळ राहिली. म्हणजे जबाबदारी या गोष्टीला यंत्रात प्रथम जागा मिळाली.

सांख्यांनी पुरुष अनेक आहेत हे सिद्ध करताना असाच युक्तिवाद केला होता. ईश्वरकृष्णाच्या कारिकांत म्हटले आहे त्याचा आशय असा की जन्म, मरण आणि इंद्रिये प्रत्येकाची वेगळी ठरलेली आहेत आणि सर्वांची प्रवृत्ती एकाच वेळी होत नाही; पुरुष एकच असता तर एक जन्मला म्हणजे सर्व जन्मले असते आणि एक आंधळा झाला म्हणजे सर्व आंधळे झाले असते. प्रत्येकाचे भोग प्रत्येकापाशी राहतात, हीच अनेकत्वाची साक्ष. युरोपात लाइब्निट्स याने १७१४ मध्ये लिहिलेल्या आपल्या मोनाडविषयक प्रबंधात हे अनेकत्व शेवटच्या टोकाला नेले. त्याच्या मते विश्व ज्या मूलद्रव्यांचे, म्हणजे मोनाडांचे, बनले आहे त्या प्रत्येकाचे अंतर्जीवन पूर्णपणे स्वयंभू आहे आणि कोणत्याही मूलद्रव्याला खिडक्या नाहीत. बाहेरचे आत येत नाही, आतले बाहेर जात नाही. मग जगात जो मेळ दिसतो तो कसा? तर ईश्वराने आरंभीच प्रत्येकाची गती अशी आखून ठेवली आहे की सर्वांचे आपापले एकाकी जीवन परस्परांशी तंतोतंत जुळावे. फ्रान्समधील मालब्रांश याने थोडी निराळी वाट धरली. एक वस्तू दुसरीवर स्वतः काहीच परिणाम करू शकत नाही, प्रत्येक प्रसंगी ईश्वरच मध्यस्थ होऊन तो परिणाम घडवतो, असे त्याचे मत.

मालब्रांशच्या या मताला संगणकात विलक्षण प्रतिरूप सापडते. प्रोसेसला आपल्या हद्दीबाहेर एक अक्षरही स्वतः टाकता येत नाही. तिने फक्त अर्ज करावयाचा, आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, तो तपासून ते अक्षर आपल्या हाताने पलीकडे न्यावयाचे. जुन्या कचेरीत एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यात थेट जात नसे, तो आवक-जावक कारकुनाच्या बारनिशीतूनच जावयाचा, तसाच हा प्रकार आहे. लाइब्निट्सचा पूर्वनियोजित मेळ मात्र येथे लागू पडत नाही. ज्या प्रोग्रॅमना पुढे काय होणार हे आधीच माहीत आहे त्यांना एकमेकांशी बोलण्याचे कारणच उरत नाही. बोलावे लागते ते बातमी नवी असते म्हणून. आणि स्वतः लाइब्निट्सचे चरित्र काय सांगते? ज्याने मूलद्रव्यांना खिडकी ठेवली नाही त्याने युरोपभरच्या हजाराहून अधिक माणसांशी पत्रव्यवहार केला आणि अगदी मृत्यूच्या वर्षापर्यंत इंग्रज विचारवंत क्लार्क याच्याशी अवकाश व काल यांविषयी पत्रांतून वाद चालवला. माणसाचे आचरण त्याच्या सिद्धांताहून अधिक खरे असण्याचे हे एक मोठे उदाहरण आहे.

येथे कोणी म्हणेल की इतकी यातायात कशाला? भिंत थोडी पाडावी आणि मेमरीचा एक तुकडा दोघांच्या सामायिक मालकीचा करावा, म्हणजे निरोपाची गरजच राहणार नाही. एकाने लिहिले की दुसऱ्याला ते दिसेलच. ही सोय संगणकात आहे आणि वेगाच्या दृष्टीने तिच्याइतकी दुसरी नाही. परंतु तिचे मोल काय पडते ते एका छोट्या हिशेबात पाहावे. सामायिक जागेत एका खात्याची शिल्लक १००० रुपये अशी लिहिलेली आहे. एक प्रोसेस २०० रुपये जमा करावयास येते, दुसरी ३०० रुपये खर्ची टाकावयास येते. पहिली शिल्लक वाचते, १०००. तिने बेरीज करून लिहिण्यापूर्वीच दुसरीही वाचते, तिलाही १०००च दिसतात. पहिली १२०० लिहिते. दुसरी आपल्या वजाबाकीप्रमाणे ७०० लिहिते आणि पहिलीचे लिखाण पुसले जाते. खरी शिल्लक ९०० असावयास हवी होती. दोघींचेही गणित बिनचूक, दोघींचाही हेतू शुद्ध, आणि तरी जमा केलेले २०० रुपये नाहीसे झाले. शिवाय हे दर वेळी घडत नाही, दोघींच्या पावलांचा क्षणमात्र मेळ चुकला तरच घडते; म्हणून हजार वेळा तपासूनही दोष सापडत नाही आणि एका दिवशी अकस्मात उभा राहतो.

यावर उपाय म्हणून जे निघाले ते सर्व भिंतीच पुन्हा उभारण्याचे उपाय आहेत. हॉलंडमधील डायक्स्ट्रा यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी सेमाफोर नावाची युक्ती काढली. सामायिक जागेत शिरण्यापूर्वी प्रत्येकाने परवाना घ्यावा, एक आत असेतो दुसऱ्याने दाराशी थांबावे, आणि बाहेर पडताना पहिल्याने परवाना परत करावा. पण परवाने आले की त्यांच्याबरोबर अडवणूकही आली. १९६५ मध्ये त्यांनीच परीक्षेसाठी एक कोडे घातले, ज्याला पुढे संगणकशास्त्रज्ञ हॉअर यांनी तत्त्वज्ञांचे रूप दिले: वाटोळ्या मेजाभोवती पाच तत्त्वज्ञ बसले आहेत, दोघांदोघांमध्ये एकेक काटा आहे आणि जेवावयास प्रत्येकाला दोन काटे लागतात, पाचही जणांनी एकाच क्षणी आपल्या डावीकडचा काटा उचलला तर प्रत्येकजण उजव्या काट्याची वाट पाहत उपाशीच राहणार. कुलपांची अशी अडचण कोड्यापुरतीच राहिली नाही. मंगळावर १९९७च्या जुलैत उतरलेले पाथफाइंडर यान तेथे पोचल्यावर पुन्हा पुन्हा आपोआप नव्याने सुरू होऊ लागले. त्याचे कारण असे निघाले की हवामानाची नोंद करणाऱ्या कनिष्ठ कामाने सामायिक साधनाचे कुलूप धरून ठेवलेले असताना मधल्या दर्जाच्या कामाने त्याला बाजूला सारले, आणि त्या कुलपाची वाट पाहणारे सर्वांत तातडीचे काम तिष्ठत राहिले. कुलूप धरणाऱ्या कनिष्ठाला तेवढ्यापुरता ज्येष्ठाचा अधिकार द्यावा, अशी दुरुस्ती पृथ्वीवरून पाठवली तेव्हा यान ताळ्यावर आले.

सामायिक मेमरी म्हणजेच अद्वैत, असा गैरसमज येथे कोणी करून घेऊ नये. शंकराचार्यांनी व्यवहाराच्या पातळीवर भेद कायम ठेवला आहे आणि परमार्थात ज्या ऐक्याची ग्वाही दिली आहे त्यात दोन मालक एका वस्तूवर हक्क सांगत नाहीत. तेथे मालकच दुसरा उरत नाही. अनर्थ होतो तो भेद शिल्लक असताना ऐक्याचा व्यवहार करू गेल्याने, ‘मी’ दोन असून ‘माझे’ एकच मानल्याने. अनेक कुटुंबांत, मैत्रीत आणि पंथांतही प्रेमाच्या नावाखाली हेच चालते. तुझे माझे वेगळे नाही असे म्हणून एकजण दुसऱ्याच्या मनावर आपले लिहीत जातो आणि त्या दुसऱ्याचे लिखाण कधी पुसले गेले हे दोघांनाही कळत नाही.

आता दुसरा मार्ग पाहू, जो भिंत न पाडता तिच्यातून वाट काढतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल प्रयोगशाळा होती. तेथील डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये एका टिपणात अशी इच्छा व्यक्त केली की बागेतल्या नळीला जसा दुसरा तुकडा पिळून जोडता येतो तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत. याच प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा पाया घातला, आणि मॅकिलरॉय यांच्या अनेक वर्षांच्या आग्रहानंतर १९७३ मध्ये टॉमसन यांनी, मॅकिलरॉय यांच्या आठवणीप्रमाणे एका रात्रीत, ही जोडणी तिच्यात घातली. तिचे नाव पाइप. एका प्रोग्रॅमच्या मुखातून जे निघेल ते दुसऱ्याच्या कानात जावे, दोघांनीही एकमेकांचे अंतरंग जाणून घेऊ नये, एवढाच तिचा करार. प्रत्येक प्रोग्रॅमने एकच काम करावे पण उत्तम करावे, आणि आपण जे निर्माण करतो ते अद्याप अस्तित्वात नसलेल्या, आपल्याला अज्ञात अशा दुसऱ्या प्रोग्रॅमच्या उपयोगी पडेल या अपेक्षेने करावे, असे मॅकिलरॉय यांचे सांगणे होते. अज्ञात ग्रहीत्यासाठी नीटनेटके देऊन ठेवणे ही गोष्ट मला केवळ कारागिरीचा नियम वाटत नाही. ग्रंथ लिहिणारा, झाड लावणारा, धर्मशाळा बांधणारा जे करतो तेच हे आहे.

पाइपचे अंतर्गत वर्तन जवळून पाहण्याजोगे आहे. युनिक्सच्याच धर्तीवरच्या लिनक्स सिस्टिममध्ये तिची धारणा साधारणपणे ६५,५३६ बाइटची असते. ती भरली आणि वाचणाऱ्याने काही उचलले नाही, तर लिहिणाऱ्याला कर्नल झोपवून ठेवते; ती रिकामी असली तर वाचणारा झोपी जातो आणि पहिले अक्षर येताच जागा होतो. देणाऱ्याचा वेग घेणाऱ्याच्या शक्तीपलीकडे जाऊ नये, ही दक्षता कोणालाही न सांगता घेतली जाते. लिहिणारे सर्वजण आपापले टोक बंद करून गेले आणि पाइपमधले उरलेले सर्व वाचून झाले की वाचणाऱ्याला शून्य लांबीचे वाचन मिळते, आणि त्यावरून तो जाणतो की आता यापुढे काही येणार नाही. वाचणाराच निघून गेला आणि लिहिणारा तरीही लिहू लागला, तर त्याला कर्नलकडून इशारा मिळतो आणि त्या इशाऱ्याची वेगळी तजवीज केलेली नसेल तर लिहिणाऱ्याचा तेथेच अंत होतो. ऐकणारा कोणीच नाही अशा ठिकाणी बोलत राहणे युनिक्सने अशक्य करून ठेवले आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ही पाइप दोन पूर्ण अनोळखी प्रोसेसना आयत्या वेळी जोडता येत नाही. जनक प्रोसेस प्रथम पाइप निर्माण करते, नंतर स्वतःची प्रतिकृती करून अपत्य जन्माला घालते, आणि त्या अपत्याला पाइपची टोके वारशाने मिळतात. एकाच जनकापासून झालेल्या दोन भावंडांत किंवा जनक आणि अपत्य यांच्यातच असा संवाद होऊ शकतो. अनोळख्यांसाठी अन्य मार्ग आहेत, पण त्यांतही दोघांना आधीपासून ठाऊक असलेले एखादे नाव किंवा ठिकाण लागतेच. भिंतीच्या दोन बाजूंना असणाऱ्यांना जोडणारा धागा भिंतीच्या आधीचा असावा लागतो, हे अद्वैताच्या म्हणण्यातील मला सर्वांत पटणारे अंग आहे. आपण वेगळे झालो, पण वेगळे होण्यापूर्वी जे एक होते त्याचा वारसा दोघांपाशी आहे, म्हणूनच हाकेला ओ मिळण्याची शक्यता आहे.

मग या वाटेने जाते तरी काय? वस्तू जात नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. एका प्रोसेसमध्ये माहितीचा मोठा वृक्ष रचलेला असतो. फांदीपासून पानाकडे जाण्याचे मार्ग म्हणजे मेमरीतल्या घरांचे क्रमांक असतात. हे क्रमांक जसेच्या तसे पलीकडे पाठवले तर त्यांना काडीचा अर्थ नसतो, कारण पलीकडे त्या क्रमांकाच्या घरात दुसरेच काही नांदत असते. म्हणून पाठवणाऱ्याला तो वृक्ष उलगडून, सपाट करून, अक्षरामागून अक्षर अशा ओळीत मांडावा लागतो, आणि घेणाऱ्याला त्या ओळीवरून आपल्या भूमीत, आपल्या क्रमांकांनी, नवा वृक्ष उभा करावा लागतो. आपले दुःख, आपली भक्ती, आपला आनंद यांचे मूळ पत्ते आपल्या जीवनातच असतात. ते दुसऱ्याला देता येत नाहीत. दुसरा स्वतःच्या अनुभवाच्या मातीत त्यांची नवी रचना करतो आणि तीच त्याची समजूत.

देवनागरी ‘क’ हे अक्षर घ्या. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत ते २२४, १६४ आणि १४९ अशा तीन बाइटांच्या रूपाने जाते. पाइपला अक्षर कळत नाही, तिला फक्त बाइट कळतात. पहिले दोन पोचावेत आणि तिसरा मागे राहावा असेही होऊ शकते. अशा वेळी जाणता वाचक घाईने अर्थ लावीत नाही, तो दोन बाइट बाजूला ठेवून तिसऱ्याची वाट पाहतो. अडाणी वाचक मात्र प्रत्येक बाइटला स्वतंत्र अक्षर समजून निरर्थक चिन्हांची रास उभी करतो. वाक्यार्थबोधाला आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी लागतात असे आपल्या शास्त्रकारांनी सांगितले, ते येथे अक्षरशः पाहावयास मिळते. अपुरे आले आहे याची जाणीव आणि पुऱ्याची वाट पाहण्याची तयारी ही आकांक्षा. आलेले तुकडे एकमेकांशी जुळण्याजोगे असणे ही योग्यता. आणि त्यांचे योग्य क्रमाने, एकमेकांजवळ येणे ही सन्निधी. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे असे मीमांसक म्हणतात, तो संकेताने ठरतो असे नैयायिक म्हणतात; मानवी वाणीविषयी निकाल काहीही लागो, यंत्रांच्या जगात तरी नैयायिकांचाच पक्ष खरा ठरतो. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशवहनाचे गणित मांडताना अर्थ हा अभियंत्याच्या प्रश्नाबाहेरचा विषय म्हणून बाजूला ठेवला, तो याच कारणाने. वाटेने चिन्हे जातात. अर्थ दोन्ही टोकांना, दोघांच्या करारात राहतो.

आता सर्वांत बिकट प्रश्न: पोचले हे कसे समजावे? पाइपमध्ये लिहिण्याचे काम यशस्वी झाले असे उत्तर प्रोसेसला मिळते, तेव्हा ते उत्तर वाचणाऱ्याचे नसते. मजकूर आपल्या ताब्यात आला, एवढीच कर्नलने दिलेली ती पोच असते. एका यंत्राच्या बाहेर, दोन यंत्रांच्या मधल्या बेभरवशाच्या वाटेवर, हा प्रश्न अधिकच उग्र होतो. १९७५ मध्ये अक्कोयुनलू, एकनाथम आणि ह्यूबर यांनी तो मांडला, आणि पुढे जिम ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींच्या कोड्याचे रूप दिले. दोन टेकड्यांवर दोन सैन्ये आहेत, मधल्या दरीत शत्रू आहे, दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय, आणि जासूद वाटेत पकडला जाण्याचा संभव नित्याचा. पहिल्याने वेळ कळवली. ती पोचली का, हे कळल्याशिवाय तो हलणार नाही. दुसऱ्याने पोच दिली. ती पोचली का, हे कळल्याशिवाय तोही हलणार नाही. पोचेची पोच, तिचीही पोच, असे अनंत चालते. कितीही निरोपांची योजना केली तरी निश्चिती होत नाही, याची सिद्धता अगदी सोपी आहे: समजा सर्वांत कमी निरोपांची एखादी यशस्वी योजना आहे, तिच्यातला शेवटचा निरोप हरवूनही योजना सिद्धीस गेलीच पाहिजे, म्हणजे तो निरोप अनावश्यक होता, म्हणजे ती योजना सर्वांत कमी निरोपांची नव्हतीच. या रीतीने एकेक निरोप गळत जाऊन शेवटी एकही उरत नाही.

आपल्या दार्शनिकांनी ज्ञानाच्या प्रामाण्याविषयी हाच वाद शतकानुशतके घातला. ज्ञान खरे आहे हे दुसऱ्या ज्ञानाने ठरते असे म्हटले तर ते दुसरे तिसऱ्याने ठरवावे लागेल आणि अनवस्था ओढवेल, असा आक्षेप घेऊन कुमारिल भट्टाने सातव्या शतकात प्रतिपादिले की ज्ञान स्वतःच प्रमाण मानावे आणि बाधक पुरावा पुढे आला तरच ते नाकारावे. उदयनाचार्यांनी नैयायिकांच्या बाजूने दुसरी मर्यादा दाखवली. शंका अमर्याद चालत नाही; शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्याच कृतीशी जेथे तिचा विरोध येतो तेथे तिला थांबावेच लागते. भूक लागली असता अन्नाकडे हात नेणारा मनुष्य, अन्नाने भूक भागते की नाही याविषयी खरी शंका बाळगीत नसतो. इंटरनेटचे वहनही याच दोन शहाणपणांवर चालते. तेथे पोचेची अनंत साखळी कोणी लावीत नाही. पोच ठराविक वेळात आली नाही तर निरोप पुन्हा पाठवतात आणि आली तर तिच्यावर विसंबून पुढले पाऊल टाकतात. पूर्ण निश्चिती अशक्य आहे हे सिद्ध झाल्यावरही काम थांबलेले नाही; ते विश्वासावर चालू आहे, आणि हा विश्वास अज्ञानातून आलेला नाही, आपल्या ज्ञानाची हद्द ओळखून पत्करलेला आहे.

श्रद्धा म्हणून जी वस्तू आपण धर्मात मानतो तिचे स्वरूप याहून फार वेगळे आहे असे मला वाटत नाही. दुसऱ्यालाही मन आहे हे तरी आपल्याला कशावरून कळते? बाह्य जग न मानणाऱ्या विज्ञानवादाच्या भूमिकेवर उभे राहूनही धर्मकीर्तीला ‘सन्तानान्तरसिद्धि’ हा ग्रंथ लिहून, वाणी आणि क्रिया यांवरून परचित्ताचे अनुमान करता येते असे दाखवावे लागले. आणि चार शतकांनी रत्नकीर्तीने ‘सन्तानान्तरदूषण’ लिहून ते अनुमान खोडून काढले. दोघेही बौद्ध, दोघेही तर्कनिपुण, आणि वाद मिटला नाही. परंतु लक्षात घेण्याजोगे हे की परचित्त सिद्ध होत नाही असे म्हणणाऱ्याने तो ग्रंथही वाचकांसाठीच लिहिला. बोलणारा बोलू लागतो त्याच क्षणी त्याने समोरच्याचे अस्तित्व मान्य केलेले असते. सिद्धता मागाहून येते किंवा येतही नाही.

महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेने हा प्रश्न ज्या उंचीवर नेला तेथे मला माझ्या प्रतिपादनाचा सर्वांत भक्कम आधार सापडतो. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला आलिंगन देतो असा प्रसंग ज्ञानदेवांनी स्वतःच्या प्रतिभेने घातला आहे, आणि तेथे त्यांनी जे सांगितले त्याचा इत्यर्थ असा की एका हृदयातले दुसऱ्या हृदयात घातले गेले, पण दोनपण शाबूत ठेवूनच देवाने भक्ताला आपल्यासारखे केले. ज्ञानदेव हे अद्वैताचे पुरस्कर्ते. त्यांना अर्जुनाला कृष्णात विरघळवून टाकणे अवघड नव्हते. तरी त्यांनी आलिंगनात दोघांना दोघेच ठेवले, कारण अर्जुन उरला नसता तर देणे कोणाला आणि घेणे कोणी? तुकोबांनीही मुक्तीपेक्षा पुन्हा जन्म आणि संतांची संगती मागितली, ती याच न्यायाने. भक्ताची प्रार्थना पोचली याची पोच त्याला मिळत नाही, आणि पोच आल्याशिवाय पुढे जाणार नाही असे म्हणणारा, दोन टेकड्यांवरच्या त्या सेनापतींप्रमाणे, जागच्या जागी खिळून राहतो. संत खिळून राहिले नाहीत. त्यांनी हाक दिली आणि त्या हाकेच्या भरवशावर जन्म चालवला.

आज माणसामाणसांमधील भिंती पाडून टाकण्याची भाषा फार ऐकू येते. प्रत्येकाची माहिती एकाच प्रचंड भांडारात जमा व्हावी, कोणाचे काही झाकलेले राहू नये, म्हणजे गैरसमज आपोआप मिटतील, अशी आशा मोठमोठी माणसे व्यक्त करतात. ज्यांनी यंत्रांचा संवाद घडवला त्यांचा अनुभव याच्या उलट आहे. त्यांनी आधी प्रत्येकाला त्याची अबाधित हद्द दिली, मग त्या हद्दीतून ठरल्या वाटेने, ठरल्या संकेताने, घेणाऱ्याच्या शक्तीप्रमाणे देण्याची रीत घातली, आणि शेवटी निश्चितीच्या जागी विवेकयुक्त विश्वास ठेवला. माणसांच्या बाबतीत हीच गोष्ट नीतीच्या रूपाने येते. दुसऱ्याच्या मनाचा पूर्ण कबजा घेण्याचा हव्यास सोडावा, त्याला उभारता येईल अशा रूपात आपले द्यावे, त्याने उभारलेली रचना आपल्यासारखी हुबेहूब नाही म्हणून रुसू नये, आणि पोच येण्यापूर्वीच देण्याचे धैर्य बाळगावे. सृष्टीने जीवांना एकमेकांपासून वेगळे ठेवले याबद्दल तक्रार करणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की ते वेगळे नसते तर कोणी कोणाला काही देऊ शकले नसते. आणि ज्या विश्वात देणे अशक्य आहे त्या विश्वात प्रेमाला जागा नाही, आणि धर्मालाही नाही.